अळंबीची विटंबना

फराळाच्या ताटापुढे बसून भांडण काढू नये, असे आमची आजी म्हणत असे. मला मात्र या अंकात भांडणच काढायचे आहे, आणि तेही खाण्याच्या एका वस्तूवरून. वाचकांनी हातातली चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. ती खात खातच वाचावे.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याला नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या मांडवात पाटी लावली होती, तिच्यावर सहा पदार्थ होते आणि सहांपैकी चारांच्या नावात 'मशरूम' होते. मशरूम मटर, मशरूम मसाला, मशरूम चिली आणि कसलेसे पोट भरलेले मशरूम. मी चारही घेतले. मास्तरणीला फुकटचे जेवण आणि तपासायचे पेपर कधी सोडवत नाहीत. चारांची चव एकच होती. टोमॅटो, साय, कसुरी मेथी आणि गरम मसाला यांच्या लाल चिखलात रबराचे पांढरे तुकडे लोळत होते. चौथ्यात चिखल काळा होता, एवढाच फरक.

माझ्या शेजारी वराकडच्या एक बाई होत्या. हातात पाटल्या, बोलणे गोड. माझे गाव दक्षिण कोकणात आहे हे कळल्यावर त्या मोठ्या मायेने म्हणाल्या, "मग घ्या ना अजून थोडं. तुमच्याकडे मशरूम कुठलं मिळायला!"

त्या मांडवात मी गप्प बसले, कारण वधू माझी भाची होती. इथे गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही.

बाई, आमच्याकडे मशरूम मिळत नाही हे खरे. आमच्याकडे अळंबी मिळते. आषाढाची झड चार दिवस लागून थांबली, उकडायला लागले, रात्री गडगडले, की पहाटे डोंगराच्या उतारावर, रोवणाच्या अंगाखांद्यावर ती उगवते. रोवण म्हणजे वारूळ. गोव्यात तिला अळमी म्हणतात. तिकडे विदर्भात, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूरपर्यंत, सात्या आणि टेकोडे ही नावे ऐकू येतात. झारखंडात सालवृक्षांखाली जमिनीत लहान बटाट्यासारखा रुगडा सापडतो. त्याची लागवड कोणाला साधलेली नाही, आणि श्रावणात मटण वर्ज्य करणारी माणसे तोच मटणासारखा शिजवून खातात. ओरिसात भाताच्या पेंढ्यावरची पाळछतू मोहरीच्या वाटणात रांधतात. एवढी नावे, एवढ्या चवी! आणि आपल्या शाळांतल्या मुलांना त्यांपैकी किती ठाऊक असतात? त्यांना दोनच शब्द येतात. पुस्तकातला 'भूछत्र' आणि गल्लीतला 'कुत्र्याची छत्री'. पहिला शब्द खाता येत नाही. दुसरा ऐकल्यावर खावेसे वाटत नाही.

हा तिरस्कार काही नवा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे, तीत लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला कवकही बसवले आहे. कवक म्हणजे हीच आपली अळंबी. कांदा-लसणाने मनूला कधीच हरवले. आज भटजींच्या घरीही कांद्याची भजी तळतात. अळंबी मात्र दाराबाहेरच राहिली. उलट कालिदासाकडे पाहा. मेघदूतात मेघाच्या गर्जनेची थोरवी सांगताना, ती ऐकून पृथ्वी शिलींध्रे वर काढते आणि सुफळ होते, असे तो म्हणतो. शिलींध्र म्हणजेही अळंबी. आमच्या वाडीतली म्हातारी माणसे गडगडाट झाला की "आता अळंबी येतली" म्हणतात. त्यांनी मेघदूत वाचलेले नाही. माझेही संस्कृत मॅट्रिकपुरतेच, पण एवढा श्लोक तेवढ्यात बसतो. मनू आणि कालिदास या दोघांत जेवायला कोणाच्या घरी जावे, हे मला विचाराल तर उत्तर सोपे आहे.

आमच्या माहेरच्या घरातही मनूचाच अंमल होता. अळंबी स्वयंपाकघरात येत नसे. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल होती, तिच्यावर आत्या ती शिजवी. आजी त्या दिवशी पडवीकडे पाठ करून बसे, पण वास आला की हळूच विचारी, "झाली का गं?" खात मात्र नसे. आम्ही मुले पडवीतच पानावर बसून जेवायचो. आत्या विधवा होती. त्या घरात तिच्या मालकीचे म्हणावे असे फारसे काही नव्हते, पण ती चूल तिची होती.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या स्वतःविरुद्ध आहे. भांडण करणाऱ्याने आधी आपले घर झाडावे.

बारा वर्षे झाली असतील. नववीचा वर्ग, मधली सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, म्हणून मुले वर्गातच डबे उघडून बसली होती. डोंगराच्या कडेच्या वाडीतून येणारा एक मुलगा होता. त्या वाडीचे नाव घेताना गावातल्या माणसांचा सूर कसा बदलतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. त्याने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि अळंबीची भाजी. शेजारचा पोरगा ओरडला, "बाई, ह्यो कुत्र्याची छत्री खाता!" वर्ग हसला. मी उठून गेले. डब्यात पाहिले. आता वाचकहो, मी ती वस्तू ओळखत नव्हते असे म्हणण्याचीही सोय नाही. आत्याच्या पडवीत तीच खाऊन मी वाढले होते. पण वर्ग हसत होता, मी बाई होते, आणि बाईला काहीतरी करून दाखवावे लागते. मी म्हणाले, "रानातलं असलं काही शाळेत आणायचं नाही. विषारी असलं तर? टाकून ये." तो उठला, पावसात गेला आणि डबा पालथा करून आला. पुढच्या तासाला मी भूतदयेवरचा धडा शिकवला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. इरले बाहेरच ठेवले. आवाज चढवला नाही. "बाईनू, झील काल उपाशी ऱ्हवलो," ती म्हणाली. "तुमी सांगलास म्हणान टाकल्यान. माका एकच सांगा. मी माज्या झिलाक ईख घालीन काय?"

मला उत्तर आले नाही. अजूनही आलेले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे असे कोणी समजू नये. त्याला फार उशीर झाला.

पुढे काही वर्षांनी आमच्याच तालुक्यात अळंबी लागवडीचे एक दिवसाचे शिबिर झाले. पाहुणे आले, फेटे झाले, पौष्टिकतेवर भाषणे झाली. मटणाइतकी प्रथिने, असे एका वक्त्याने सांगितले. हे खोटे आहे. ताज्या पांढऱ्या मशरूमच्या शंभर ग्रॅमांत नव्वदांहून अधिक ग्रॅम पाणी असते आणि प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम. चांगल्या वस्तूची खोटी स्तुती कशाला करावी? पण मला खटकले ते दुसरेच. शिबिरात ज्यांना अळंबीविषयी शिकवायला बसवले होते, त्यांत कडेच्या वाडीतल्या चार बाया होत्या. रोवणावरची कोणती घ्यावी, कोणती सोडावी, हे ज्यांना आजीपासून ठाऊक, त्या खाली सतरंजीवर. ज्यांनी अळंबी डब्याबाहेर कधी पाहिली नाही, ते वर खुर्चीवर. त्या चौघींना कोणी एक प्रश्न विचारला नाही. दुपारी जेवणात मशरूम मसाला होता. लाल.

या डब्यातल्या पांढऱ्या बाईसाहेबांचे कूळ आता सांगितले पाहिजे. त्यांच्याशी माझे वैर नाही, त्यांच्या भाटांशी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत, अंधारात घोड्याच्या लिदीच्या खतावर, ही अळंबी मोठ्या प्रमाणावर पिकवीत. तेव्हा ती तपकिरी होती. १९२५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका वाफ्यात योगायोगाने एक पांढरीशुभ्र निघाली. लोकांना गोरा रंग आवडला. वधूपरीक्षेत आवडतो तसाच. त्या एका गोऱ्या मुलीचा वंश जगभर पसरला. आपल्याकडे १९६१ साली हिमाचलात सोलन येथे तिच्या लागवडीच्या प्रयत्नांना सुरुवात झाली. १९८३ साली तिथे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, आणि १९९७ च्या सप्टेंबरात सोलनला भारताचे मशरूम शहर ही पदवी मिळाली. हे सगळे कौतुकाचेच आहे. पण मोठ्या दुकानांत अलीकडे तपकिरी अळंबी वेगळ्या नावाने महाग विकतात, आणि तळहाताएवढी पसरट, काळ्या झालरीची 'पोर्टोबेलो' म्हणून त्याहून महाग. वाचकहो, तिन्ही एकाच जातीच्या. एक पांढरी, एक तपकिरी आणि एक म्हातारी. चवीत फरक आहे, नाही असे नाही. पिकलेल्या अळंबीत पाणी कमी आणि चव दाट, म्हणून ती अख्खी तव्यावर भाजावी. पण तीन जातींची भाजी केली असे पाहुण्यांना सांगू नये.

बरे, पांढरीच आणली. मग तिचा असा छळ कशाला? आमच्या बायका तिला पाण्यात बुडवून ठेवतात, चिरून कोमट कढईत एकदम अर्धा किलो ओततात, वर लगेच मीठ टाकतात, आणि तिला पाणी सुटले की कपाळावर हात मारून त्यात टोमॅटो घालतात. सुटणारच पाणी! अंगात दुसरे आहे काय? ती धुवावी झटपट आणि लगेच पुसावी. जाड चिरावी. कढई चांगली तापू द्यावी, आणि तुकडे एकमेकांना टेकणार नाहीत इतकेच घालावेत. ढवळू नये. पाणी सुटेल, ते आटू द्यावे. आटल्यावर कढईचा आवाज बदलतो. खदखद थांबते आणि तडतड सुरू होते. तिथून खरा स्वयंपाक. आता तूप, ठेचलेला लसूण, मिरपूड, आणि शेवटी मीठ. कडा तांबूस होऊ द्याव्यात. जास्त शिजून बिघडेल ही भीती बाळगू नये. पालेभाजीसारखी ती गळून जात नाही, कारण तिच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या आहेत ते कायटिन उष्णतेने विरघळत नाही. अर्ध्या तासाने खाल्लीत तरी दाताला लागेल. एवढे एकदा करून पाहा, आणि मग तुमचा तो लाल रस्सा करायचाच असेल तर खुशाल करा. माझी हरकत रश्शाला नाही, सगळ्यांना एकच रस्सा पाजण्याला आहे.

कारण धिंगरीला तो रस्सा मुळीच शोभत नाही. धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, राखी किंवा पांढरी, घोसाने येणारी अळंबी. भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर, प्लास्टिकच्या पिशवीत, घराच्या कोपऱ्यात उगवते. तिला सोलनची थंडी लागत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे, आणि तिकडच्या धिंगरीच्या वर्गाला गेलेल्या बाया आमच्या बाजूलाही भेटतात. धिंगरीला सुरी लावू नये, हाताने उभी फाडावी. तिला धागे असतात. देठाचा चिवट गड्डा काढून टाकावा. फोडणीत भरपूर कांदा, हळद, तिखट, वर ओले खोबरे, असे सुके करावे. किंवा तांदळाचे पीठ आणि तिखट लावून कुरकुरीत तळावी. जास्त झाली तर कडक उन्हात वाळवून कुटून ठेवावी. चमचाभर भुकटी आमटीत पडली की घरातली माणसे आज आमटीत काय आहे ते विचारतात. शिवाय ऊन लागले की अळंबीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, हे त्या वक्त्याला सांगता आले असते. खरे तरी होते.

दुधी अळंबी मला स्वतःला फार आवडते. पांढरी, जाड देठाची, घट्ट. हिचा जन्म आपल्याच देशातला. बंगालातल्या नमुन्यावरून १९७४ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि लागवड वाढली ती तामिळनाडूतल्या कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या खटपटीने. उन्हाळा तिला मानवतो, आणि डब्यातल्या पांढरीसारखी ती दोन दिवसांत काळवंडत नाही. आपल्या हवेला ही साजेल असे कोणालाही वाटेल. पण लग्नाच्या पाटीवर ती नाही, कारण तिचे इंग्रजी नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

वाळलेल्या शिताकेची गोष्ट निराळी. ती जपानी-चिनी अळंबी आता आपल्या शहरांतही मिळते. तिला लोक ताज्यासारखी वागवतात, म्हणजे भिजवून पाणी ओतून टाकतात. अरेरे! सगळी चव त्या पाण्यात असते. १९५७ साली अकिरा कुनिनाका या जपानी शास्त्रज्ञाने शिताकेच्या चवीचे मर्म शोधले, ते ग्वानिलेट नावाचे द्रव्य. टोमॅटोत, समुद्री शेवाळात जे ग्लुटामेट असते त्याच्याशी ते मिळाले की चव दुपटीहूनही वाढते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला जपानला जायला नको. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे पडले की काय होते ते आपण जाणतो. सोडे ज्यांच्या घरात चालत नाहीत त्यांनी दोन शिताके भिजवून, त्यांच्या पाण्यासकट, वांग्यात घालाव्यात आणि मला पत्र लिहावे.

गुच्छीविषयी मी फार बोलणार नाही. काश्मीर-हिमाचलात बर्फ वितळल्यावर निघणारी, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या टोपीची ही अळंबी किलोला हजारो रुपयांनी जाते. एकदा एका विद्यार्थ्याने सैन्यातून सुट्टीवर येताना मला मूठभर आणून दिली. भिजवून, वाळू काढून, तुपावर परतून पुलाव केला. चांगली लागली, मातीचा आणि धुराचा वास. पण ती कच्ची कधीही खाऊ नये, अर्धीकच्चीही नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात २०२३ साली एका उपाहारगृहात ती नीट न शिजवता वाढल्याने पन्नासेक माणसे आजारी पडली आणि दोघे दगावले.

विषाचा विषय निघालाच आहे, तर त्यात मी कोणाची भीड ठेवणार नाही. माझा हा लेख वाचून कोणी पिशवी घेऊन रानात निघणार असेल, तर त्याने आधी हा अंक रद्दीत घालावा. अळंबी ओळखणे हे पुस्तकातून, चित्रातून किंवा लेखातून येत नाही. ते ओळखणाऱ्या माणसाच्या पाठीमागे पाच-सात पावसाळे हिंडून येते. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळी झाली तर विषारी, भात लाल झाला तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर निर्धोक, टोपीची साल निघाली तर निर्धोक: या सगळ्या थापा आहेत, आणि जीवघेण्या थापा आहेत. सर्वांत घातक जे विष, ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काही होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि तोवर यकृत निकामी होत असते. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये चहाच्या मळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसे गेली. संशय आला तर उलटीची वाट न पाहता, उरलेली अळंबी बरोबर घेऊन, इस्पितळ गाठावे.

मग त्या दिवशी मी डबा ओतायला लावला ते बरोबरच होते की काय? असे मला एका सहकाऱ्याने विचारले होते. नाही. मी भीतीने ओतायला लावले नव्हते. भीती असती तर मी विचारले असते, की ही कोणी आणली, कुठून आणली, घरी कोणी खाल्ली. मी काहीच विचारले नाही.

आता रोवणाच्या अळंबीकडे येते. पदार्थांत ती माझी पहिली माया, आणि या भांडणात माझी पंचाईतही तिच्यामुळेच. ती माणसाला लावता येत नाही. तिची शेती वाळवी करते, आणि सुमारे ३ कोटी वर्षांपासून करत आली आहे. वाळवी मेलेले लाकूड, पाचोळा खाऊन वारुळाच्या पोटात त्याचा स्पंजासारखा गड्डा रचते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातले न पचणारे ते पचवते आणि वाळवी ती खाते. पावसाळ्यात त्या गड्ड्यातून लांब मुळासारखा देठ माती फोडत वर येतो आणि टोपी उघडतो. माणसाने कित्येक प्रयोगशाळांत खटपट केली, पण बाजारात नेण्याजोगे पीक वाळवीवाचून कोणाला काढता आलेले नाही. एका किड्यापुढे आपण हात टेकले आहेत हे मला तरी बरे वाटते.

आत्या ती अशी करायची. देठावरची माती सुरीने खरवडायची, तीन-चार पाण्यांतून काढायची, देठ बारीक आणि टोपी हाताने फाडून. खोबरेल तेलावर कांदा, तो तांबूस झाला की हळद आणि घरचे तिखट, मग अळंबी. झाकणावर पाणी. आत तिचे स्वतःचे पाणी सुटते, तेवढेच. दोन आमसुले. उतरताना मूठभर ओले खोबरे. गरम मसाल्याला हात लावू द्यायची नाही. "तिचा वास तिका पुरे," म्हणायची. गोव्यात भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावून तोणाक करतात, तेही मी खाल्ले आहे आणि दोनदा मागून घेतले आहे. पण दर वेळी वाटले, की आत्या असती तर नाक मुरडले असते.

पंचाईत अशी. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यांवर पानांवर मांडलेली अळमी दिसतात, गाड्या थांबतात, शहरातली माणसे मागतील तो भाव देतात. त्यांना न उघडलेले कळे हवे असतात. कळेच तोडले तर टोपी उघडणार कधी आणि बीजाणू पसरणार कधी? ज्यांना रोवण ठाऊक नाही असे लोकही कुदळ घेऊन जातात आणि वारूळच खणतात. गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या ओरबाडण्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले आहे. म्हणजे मी अळंबीची जितकी थोरवी गाईन तितकी तिच्या मुळावर उठेन. माझा युक्तिवाद माझ्याच गळ्याशी येतो, हे मला कळते. म्हणून स्पष्ट सांगते: ही सगळ्यांनी खायची वस्तू नव्हे. ती डब्यात भरून पुण्या-मुंबईला धाडायची नव्हे. बारा महिने धिंगरी खा, दुधी खा, पांढरी खा, नीट शिजवून खा. रोवणाची अळंबी ज्यांच्या रानात उगवते त्यांची आहे. पावसाळ्यात एकदोनदा त्यांनी आपल्याला दिली तर भाव न पाडता घ्यावी. पांढऱ्या डब्यावर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतोच ना? पानातल्या अळंबीपुढेच आपल्याला घासाघीस का सुचते?

आणि हो, ते श्रावणाचे राहिले. दरवर्षी मला कोणीतरी विचारते, अळंबी शाकाहारी की मांसाहारी? ती वनस्पती नव्हे. बुरशींचे राज्यच वेगळे, आणि नाते लावायचे तर ते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे. मघाशी ज्या कायटिनचे नाव घेतले, त्याचेच कुर्लीचे कवच असते. आता यावर श्रावण मोडतो की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. आजी जिवंत असती तर मी तिला हे सांगितले नसते. आधीच ती पडवीकडे पाठ करून बसायची.

यंदा श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ती बाई, त्या मुलाची आई, माझ्या दारात आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर टोपली, टोपलीत पळसाच्या पानांवर अळंबी, कळे थोडे आणि उघडलेल्याच जास्त. तिने भाव सांगितला. मी दिला. पडवीत बसवून चहा दिला. मुलगा गोव्यात एका हॉटेलात आचारी आहे, असे म्हणाली. काय रांधतो म्हणून विचारले, तर हसली.

"मशरूम चिली," ती म्हणाली. "ते पांडरे, डब्यातले. चव नाय त्येंका."

मी पाने उलगडून देठांवरची ताजी तांबडी माती पाहत होते. खरी मास्तरीण, विचारल्याशिवाय राहवले नाही. म्हटले, यंदा कुठल्या रोवणावर आली गं एवढी?

तिने कप खाली ठेवला, रिकामी टोपली काखेला मारली, आणि इरले डोक्यावर घेत म्हणाली, "ता नाय सांगूचा, बाईनू."